इंग्रजीचा विद्यार्थी आणि अलंकारांचीं नांवें

शालान्त परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे सोलापुरांतील कित्येक घरांतून पहांटेच्या वेळीं एक ठराविक घोष ऐकूं येतो : "सिमिली म्हणजे उपमा, मेटॅफर म्हणजे रूपक, अ‍ॅलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ति." दहावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेंत कवितेचें रसग्रहण करावयाचें असतें व त्यांत अलंकार ओळखावा लागतो, तेव्हां हा जप चालणें साहजिकच आहे. परंतु त्याच विद्यार्थ्याला, "कवीनें हा अलंकार येथेंच कां योजिला? तो काढून टाकला तर काय बिघडेल?" असें विचारलें, कीं तो गप्प बसतो. नांव हातीं लागलें, वस्तु मात्र दूरच राहिली. हें अंतर कशामुळें पडतें व तें कसें मिटवितां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सोलापूर हें विणकरांचें शहर. इंग्रजींत कापडाला 'टेक्स्टाइल' म्हणतात व ग्रंथाच्या संहितेला 'टेक्स्ट'. हे दोन्ही शब्द 'विणणें' या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघालेले आहेत. आपल्याकडेहि 'सूत्र' म्हणजे धागा आणि 'ग्रंथ' या शब्दाच्या मुळाशीं गुंफण्याचाच अर्थ आहे. सोलापुरी चादरीवरील वेलबुट्टी दुरून पाहणाऱ्याला केवळ शोभा वाटते. पण मागावर बसणारा जाणतो कीं ती वरून चिकटविलेली नसून ताण्याबाण्यांच्या गुंफणींतूनच उठलेली असते. ती उसवूं गेल्यास चादरच उसवते. अलंकार म्हणजे अंगावर घालून काढून ठेवण्याचा दागिना, अशी समजूत शब्दावरून होते खरी. परंतु चांगल्या लेखनांतील अलंकार चादरीच्या वेलबुट्टीसारखा असतो, दागिन्यासारखा नव्हे.

पहिली अडचण जोड्या लावण्याच्या संवयींतून उत्पन्न होते. दोन भाषांतील संज्ञा एकमेकींवर तंतोतंत बसतातच असें नाहीं. 'मेटॅफर' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'एकीकडून दुसरीकडे वाहून नेणें' असा आहे. उपमा व रूपक यांत फरक थोडाच, असें अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो. आमच्या आलंकारिकांनीं मात्र त्या दोहोंच्या मध्यें उत्प्रेक्षेला स्वतंत्र स्थान दिलें. 'मुख चंद्रासारखें' ही उपमा, 'मुख हाच चंद्र' हें रूपक, आणि 'मुख जणूं चंद्रच' ही उत्प्रेक्षा. या तिसरीला इंग्रजींत रुळलेलें वेगळें नांव नाहीं. उलट इंग्रजींतील 'पॅरडॉक्स' व 'ऑक्सिमोरॉन' या दोहोंनाहि आपण विरोधाभासच म्हणतों. एकांत सबंध विधान वरकरणीं विसंगत असतें. दुसऱ्यांत परस्परविरोधी दोन शब्द शेजारीं बसविलेले असतात. हा भेद न सांगतां नुसता प्रतिशब्द दिला, तर विद्यार्थ्याचा गोंधळ वाढतो. 'अपॉस्ट्रॉफी' या शब्दाचा घोटाळा तर याहून मोठा. विरामचिन्ह म्हणून तो विद्यार्थ्याला ठाऊक असतो. म्हणून दूरच्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला उद्देशून केलेलें संबोधन असा अर्थ सांगितला, कीं तो बुचकळ्यांत पडतो.

'आयरनी' या शब्दाचें भाषांतर सामान्यतः 'उपरोध' असें केलें जातें. तें अर्ध्यापुरतेंच खरें आहे. ऑथेल्लो हा इयागोला वारंवार 'प्रामाणिक' म्हणतो. त्यांत त्याचा उपरोध मुळींच नसतो. तो मनापासून बोलतो. परंतु इयागोचें कपट प्रेक्षकांना ठाऊक असल्यामुळें त्या एका विशेषणानें त्यांच्या अंगावर कांटा उभा राहतो. हें नाटक देवलांनीं 'झुंझारराव' या नांवानें मराठींत आणलें, तेव्हां इंग्रजीचा गंधहि नसलेल्या प्रेक्षकांना या आयरनीचा अनुभव मिळाला. नांव माहीत नव्हतें. वस्तु पुरेपूर कळली.

वस्तु कळण्याचें महत्त्व परीक्षेपुरतें नाहीं, याला इतिहासाचा दाखला आहे. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, ही गोष्ट प्रेक्षकांनीं ओळखली आणि सरकारनेंहि ओळखली. १९१० सालीं त्या नाटकावर बंदी आली. इंग्रजींत ज्याला 'अ‍ॅलिगरी' व मराठींत रूपककथा म्हणतात, तिची शक्ति किती असते हें राज्यकर्त्यांना रसग्रहणाचे गुण न मिळवितांच समजलें होतें. सोलापुरांत १९३० च्या मे महिन्यांत लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हां राष्ट्रध्वज मिरविणें हाहि गुन्हा ठरला. ध्वज म्हणजे कापडाचा तुकडा. पण तो राष्ट्राच्या ठिकाणीं उभा होता. एका वस्तूनें तिच्याशीं निगडित अशा दुसऱ्या वस्तूचा बोध करून देणें, यालाच इंग्रज 'मेटॉनिमी' म्हणतात. आपल्या शास्त्रांत हें लक्षणेचें क्षेत्र. 'गंगेवर गवळ्यांची वाडी' असें म्हटल्यावर वाडी पाण्यावर तरंगत नसून तीरावर आहे, हें जी शब्दशक्ति सांगते ती लक्षणा.

याहून जवळचीं उदाहरणें तर घरांतच आहेत. बांगडी फुटली असें आपल्या घरांत म्हणत नाहींत, बांगडी वाढविली म्हणतात. निघतांना कोणी 'जातों' म्हणत नाहीं, 'येतों' म्हणतो. अशुभाचा उच्चार टाळण्याची ही जी रीति, तिलाच इंग्रजींत 'यूफेमिझम' हें नांव आहे. सुगरणीच्या स्वयंपाकाची स्तुति 'कांहीं वाईट नाहीं झाला' अशा शब्दांत करणारे आजोबा नकळत 'लायटोटिस' हा अलंकार वापरीत असतात. परंतु घरांत माया म्हणून वापरलेली ही युक्ति सत्तेच्या हातीं गेली, म्हणजे तिचें स्वरूप पालटतें. निराधार खेड्यांवर बॉम्ब टाकून त्याला 'शांतता प्रस्थापित करणें' म्हणतात, हें जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखवून दिलें. ज्या मुलाला यूफेमिझम हा शब्द केवळ व्याख्येपुरता येतो, तो अशा वाक्याला फसेल. ज्याला त्याचें मर्म कळलें, तो थबकून विचार करील.

म्हणून इंग्रजी अलंकारांचें शिक्षण घरच्या भाषेपासून सुरू व्हावें. सोलापुरांत घरची भाषा मराठीच असेल असें नाहीं. ती तेलुगु, कानडी किंवा उर्दूहि असते. याच गांवच्या रामजोशीनें लावणींत यमक, अनुप्रास व श्लेष असे खेळविले कीं, शास्त्र न शिकलेल्या श्रोत्यांचाहि कान तयार झाला. मोरोपंतांनीं ओठांनीं उच्चारावयाचें एकहि अक्षर न वापरतां निरोष्ठ रामायण रचलें. नादाचें भान देणारे असे गुरु घरांत असतां मुलांनीं 'अ‍ॅलिटरेशन' हा शब्द परका मानण्याचें कारण नाहीं.

शिकविण्याची एक साधी कसोटी येथें सुचवावीशी वाटते. अलंकार सांपडला कीं तें वाक्य अलंकारावांचून पुन्हां लिहावें आणि काय हरवलें तें पाहावें. सोलापुरांत कापडगिरण्या चालूं होत्या त्या काळाविषयीं 'सकाळीं गिरणीचा भोंगा वाजला' असें लिहिलें, तर वेळ कळते. 'भोंग्यानें शहराला हांक मारली' असें लिहिलें, तर साऱ्या शहराचा दिवस गिरणीच्या मालकीचा होता, हें कळतें. पहिल्या वाक्यांत घटना आहे. दुसऱ्यांत हजारों कुटुंबांचें जिणें आहे. या दोन वाक्यांतील अंतर मुलानें स्वतःच्या शब्दांत सांगितलें, म्हणजे चेतनगुणोक्ति त्याला आली असें समजावें. 'पर्सॉनिफिकेशन' हें नांव त्यानंतर दिलें तरी चालेल, आणि मग तें तो सहसा विसरणार नाहीं.

संज्ञा निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. ताणा, बाणा, धोटा हे शब्द ज्याला ठाऊक नाहींत त्याला विणकाम समजावून सांगणें कठीण. पण ते पाठ झाल्यानें कोणी विणकर होत नाहीं. घरांतील वडील मंडळींनीं रोज एखादें वाक्य, मग तें वर्तमानपत्रांतील असो कीं आजीच्या बोलण्यांतील, मुलापुढें ठेवून 'यांत सरळ सांगितलेलें काय आणि आडवळणानें सांगितलेलें काय?' एवढेंच विचारावें. या प्रश्नाला इंग्रजी येण्याची अट नाहीं. ज्या आईबापांना स्वतःला इंग्रजी शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं, त्यांनाहि तो विचारतां येईल. आणि त्याचें उत्तर शोधण्याची संवय जडलेला मुलगा प्रश्नपत्रिकेंतील कवितेला भिणार नाहीं व पुढें आयुष्यांत कोणाच्या गोड शब्दांनाहि सहजासहजीं भुलणार नाहीं.