टेबलाचा खण



सांगलीत बत्तीस वर्षं चार्टर्ड अकाउंटंट म्हणून प्रॅक्टिस केलेल्या माणसाला तुम्ही या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, मी तुमचा ऋणी आहे. आज मला आपल्या टेबलाच्या एका खणाबद्दल बोलायचं आहे.

हा खण आपल्यापैकी बहुतेकांच्या ऑफिसात असतो. त्यात प्लास्टिकच्या डब्यात क्लायंटच्या डिजिटल सह्यांची टोकनं, प्रत्येकावर नावाची चिकटपट्टी आणि पासवर्ड एका वहीच्या मागच्या पानावर. रिटर्नची मुदत रात्री बाराला संपते, क्लायंट तासगावला बेदाण्याच्या सौद्यात अडकलेला असतो, टोकन हाताशी असलं की काम होऊन जातं. पण दुसऱ्याची सही आपल्या खणात ठेवणं म्हणजे काय, हे मला एका पाकिटाने शिकवलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या एका जुन्या क्लायंटने नवी कंपनी काढायला सांगितली. दोन संचालक, एक त्यांच्या पेढीवरचा दिवाणजी आणि दुसरा त्यांचा ड्रायव्हर. ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसला होता. आमच्या आर्टिकलने (शिकाऊ सहायकाने) फॉर्म बाहेर नेले, त्याने खुणेच्या जागी सह्या केल्या. मी त्याला आत बोलावलं नाही. आधार, पॅन, फोटो, विजेचं बिल, सगळं फाइलला लागलं होतं.

चार वर्षांनी त्याची बायको ऑफिसात आली, हातात सरकारी नोटिशीचं पाकीट. नवऱ्याच्या कंपनीतून कोट्यवधी रुपये फिरले होते आणि ते आले कुठून, गेले कुठे, याचा खुलासा त्याच्याकडे मागितला होता. तिने विचारलं, "साहेब, कंपनी म्हणजे काय? आमचं तर घरही भाड्याचं आहे." मी खण उघडला. त्याच्या सहीचं टोकन तिथेच होतं, त्याला ते कधी हाताळायलाही मिळालं नव्हतं.

कागदोपत्री माझी चूक कुठेच नव्हती, आणि तेच मला आजही डाचतं.

मित्रहो, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, अमलात आला १ जुलै २००५ ला. बँका त्याच्या कक्षेत पहिल्यापासून होत्या. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने आपण आलो, क्लायंटच्या वतीने आपण ठरावीक व्यवहार करतो तेवढ्यापुरते. स्थावर मालमत्तेची खरेदी-विक्री, क्लायंटचे पैसे, रोखे वा मालमत्ता सांभाळणं, बँक खाती चालवणं, कंपनीसाठी भांडवल उभं करणं, आणि कंपनी, एलएलपी किंवा ट्रस्ट स्थापणं-चालवणं वा व्यवसायाची खरेदी-विक्री. ऑडिट आणि रिटर्न या यादीत नाहीत. लगोलग ९ मेच्या अधिसूचनेत कंपनीला आपला पत्ता नोंदणीसाठी देणं किंवा दुसऱ्यासाठी नावापुरतं भागधारक होणंही आलं. या कामांत क्लायंटची ओळख पटवायची, खरा मालक शोधायचा, संशयास्पद व्यवहार दिसला तर वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचा, आणि संबंध संपल्यावरही कागद पाच वर्षं जपायचे. चुकलं तर प्रत्येक चुकीला किमान दहा हजार, कमाल एक लाख दंड.

आपल्या अडचणीचं मूळ मात्र वेगळं आहे. "अहो, तीन पिढ्यांची ओळख आहे, त्यांना कसले कागद मागता?" हे वाक्य मी स्वतः आर्टिकलना ऐकवलेलं आहे. गावात ओळखीवरच आपली प्रॅक्टिस उभी राहते. पण ओळख असणं आणि ओळख पटवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या ड्रायव्हरच्या मालकांना मी ओळखत होतो. ज्याच्या नावावर कंपनी काढली त्याला ओळखत नव्हतो. २०२३ च्या मार्चमध्ये कंपनीतल्या खऱ्या मालकाची मर्यादा पंचवीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणली, ते योग्यच झालं. पण त्या ड्रायव्हरच्या नावावर निम्मे शेअर होते. टक्केवारीच्या हिशोबात तोच मालक दिसला असता. तिथे आकडा उपयोगी पडत नाही. त्याला आत बोलावून, मालकाला बाहेर बसवून, "शेअरचे पैसे कोणी भरले?" एवढंच विचारायला हवं होतं.

२०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं निबंधकांच्या नोंदवहीतून काढली गेली, वर्षानुवर्षं विवरणपत्रं भरली नाहीत म्हणून. त्यांत किती ड्रायव्हर, किती दिवाणजी, किती स्वयंपाकाच्या बाया संचालक होत्या, हा विचार माझी झोप उडवतो.

गोपनीयतेचा प्रश्न आपल्यातले अनेक जण कळकळीने मांडतात. क्लायंटची माहिती बाहेर सांगणं आपल्या १९४९ च्या कायद्यात गैरवर्तन आहे, खरं आहे. पण त्याच कलमात कायद्याने सांगणं भाग असेल तर तो अपवाद आहे, आणि माहिती देणाऱ्याला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या १४ व्या कलमाचं संरक्षण आहे. कळवलं हे क्लायंटला सांगता येत नाही, हा भाग मला सगळ्यात जड वाटतो. ज्याच्या घरच्या लग्नात आपण जेवलो, त्याच्यासमोर बसून गप्प राहायचं. त्यावर सोपा उतारा माझ्याकडे नाही. काम स्वीकारण्याआधीच प्रश्न विचारले तर अशी वेळ कमी येते, हा माझा अनुभव.

दोन आर्टिकल आणि एक संगणक असलेल्या ऑफिसने हे सगळं कसं करायचं, ही तक्रार रास्त आहे. म्हणून माझी आपल्या संस्थेच्या शाखांना विनंती आहे की तालुक्यातल्या सभासदांसाठी मराठीतला साधा ओळख-फॉर्म तयार करा, क्लायंटला वाचून समजेल असा, आणि त्यात पैशांचा स्रोत विचारणारा रकाना ठेवा.

यंदा दिवाळीनंतर मी तो खण रिकामा करायला घेतला. सत्तेचाळीस टोकनं निघाली. चाळीस ज्याची त्याला, समोर बसवून, सही घेऊन परत केली. दोघं रागावले, एकाने काम काढून नेलं. सात अजून शिल्लक आहेत. त्यांच्या मालकांचे फोन लागत नाहीत, फाइलमधल्या पत्त्यावर दुसरीच माणसं राहतात. त्या सातही जणांना आमच्याकडे कोणी आणलं, हे जुन्या वह्यांतून शोधायचं काम मी सध्या स्वतः बसून करतो आहे.