पैसा आपला, प्रयोग कुणासाठी?

(फर्दापूर येथील भाषण)



मी गोदीत ओझी उचलतो. शिक्षण मॅट्रिक. पण काडेपेटी घेतो तेव्हा मीबी कर भरतो. म्हणून संशोधनावर सरकारनं पैसा घालावा का, हे मलाही विचारा.

घालावा. भरपूर घालावा. शेठ नफा दिसेल तिथंच पैसा ओततो. वीस वर्षांनी फळ देणाऱ्या झाडाला तो पाणी घालत नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. मजूर खात्याबरोबर वीजही त्यांच्याकडं होती. वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, हे त्यांनी १९४३ सालीच मांडलं. शेठजींच्या मर्जीवर त्यांनी उजेड सोडला नाही.

आता हिशेब. २०२३ साली आपलं यान चंद्रावर उतरलं. टाळ्या मीबी वाजवल्या. हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. तरी आपला माणूस गटारात उतरतोय, गुदमरून मरतोय. त्याच मैल्यातनं निघणारा मिथेन चूल पेटवतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याचा वायू वापरात आणला होता. सव्वाशे वर्षं झाली! वायू कळला, माणूस नाय कळला.

वर अजिंठ्याला जा. सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचं नाव आहे. छिन्नी मारणाऱ्याचं नाही. हेच पुन्हा होऊ द्यायचं नाही. पैसा कुठं लावायचा हे ठरवणाऱ्या समितीत गटारात उतरणारा माणूस बसला पाहिजे. खुर्ची देत नसतील, तर आपण खेचून घेऊ.