राखणदाराची सावली
(विठ्ठलवाडी येथील भाषणातून)



आपण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातली माणसं. उन्हाळ्यात बैल झाडाखाली बांधतो; राखणीचं कुत्रं मात्र तापल्या पत्र्याखाली साखळीला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा ओलावा सुकवून ते अंग थंड करतं. इथे विठ्ठलवाडीला हवा दमट. ओलावा लवकर सुकत नाही, म्हणून गावाकडच्यापेक्षा कमी उन्हातही कुत्रं तापतं. अंग ३८-३९ अंश असणं ठीक. ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. झोकांड्या खाऊ लागलं तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच जनावरांचा डॉक्टर गाठा.

ज्याच्या भरवशावर आपण रात्री झोपतो, त्याला दुपारी सावली आणि भांडंभर पाणी द्यायला ना कर्ज लागतं, ना अनुदान.