चालू वाहिनीस छिद्र कोठे पाडावे?
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



तरुणांस उद्योगाविषयी दोन शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी केवळ मॅट्रिक झालेला, उभा जन्म प्राथमिक शाळेत घालवलेला मनुष्य. उद्योगाविषयी मी काय सांगणार? परंतु आपल्या लोहार समाजाची कितीतरी मुले आज भाता सोडून वेल्डिंगच्या कामास लागली आहेत व त्यांतील काही इंधन आणि वायू वाहणाऱ्या नळांवर काम करतात. त्यांच्याच एका जोखमीच्या कामाविषयी, त्यांच्याकडून जे शिकलो ते त्यांच्याच वडीलधाऱ्यांपुढे मांडतो.

भूमिगत नळ आपल्या जिल्ह्यास नवे नाहीत. निजामशाहीत कापूरवाडी व आसपासच्या गावांकडून नगर शहरास खापरी नळांनी पाणी येत असे आणि त्या नळांवरील उच्छ्वासांच्या जागा बांधतानाच ठरलेल्या असत. आज अकोळनेरला इंधनाचे मोठे डेपो आहेत. श्रीगोंद्याहून संभाजीनगरकडे वायुवाहिनीही गेली आहे. अशा वाहिनीस पुढे शाखा फुटणार हे आधी ओळखून तेथे तोटी ठेवली असेल तर उत्तमच. तशी नसेल आणि मैलोगणती नळ रिकामा करणे शक्य नसेल, तर वाहिनी चालू असतानाच तीस छिद्र पाडावे लागते. यास ‘हॉट टॅप’ म्हणतात. नळाभोवती शाखेसह पोलादी वेष्टण वेल्ड करावयाचे, त्यावर व्हॉल्व्ह बसवावयाचा, जोडाची दाबाने परीक्षा घ्यावयाची, मग व्हॉल्व्हमधून यंत्राचा दात आत घालून नळाची चकती कापून काढावयाची व व्हॉल्व्ह बंद करावयाचा. सांगावयास चार वाक्ये लागतात. सारा जीव आहे तो जागेच्या निवडीत.

वर्गात मी एक प्रयोग करून दाखवीत असे. कागदाच्या पेल्यात पाणी भरून तो स्पिरिटच्या दिव्यावर धरला तर पाणी तापते, पेला जळत नाही. पाण्यावरची कोरडी कड मात्र ज्योत लागताच काळी पडते. नळाचेही असेच आहे. आतील प्रवाह वेल्डिंगची उष्णता वाहून नेतो, म्हणून पत्रा वितळून आरपार जात नाही. प्रवाह थांबलेला असेल, किंवा नळ अर्धाच भरलेला असून वेल्डिंग वरच्या रित्या भागावर होत असेल, तर ती कोरडी कड होय. आणि उलट बाजूही आहे. प्रवाह फार वेगाचा असला तर जोड एकदम थंडावतो. पोलादास घाईने पाणी दिले म्हणजे ते कडक होते, पण ठिसूळही होते, हे आपल्या आजोबांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. तेव्हा जागा ठरविताना त्या वेळी आतून काय, किती व कोणत्या वेगाने वाहणार, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट जाडीची. नळ बाहेरून धडधाकट दिसतो, पण तळाशी साचणारे पाणी त्यास आतून खाते. आंध्रातील नगरम येथे 27 जून 2014 रोजी अशीच गंजलेली वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे दगावली. म्हणून ध्वनिलहरींच्या मापकाने वेष्टणाखालील सर्व घेर मोजावा. पाच मिलिमीटरच्या आत जाडी आली तर तेथे सहसा ज्योत लावू नये. जुन्या वेल्डच्या सांध्यापासून तीन इंच, आणि फ्लँज वा आट्यांच्या जोडापासून दीड फूट तरी दूर राहावे. कापताना कीस प्रवाहाबरोबर पुढे जातो, तेव्हा लगेच पुढे पंप वा कॉम्प्रेसर असता कामा नये.

बाहेरचेही पाहावे लागते. काळ्या मातीचा खड्डा पावसात ढासळतो. दोन्ही अंगांनी बाहेर पडावयास शिडी हवी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने खड्ड्यातच बसून राहते. आणि आपल्याकडे तर शेजारच्या शेतात उसाचे पाचट कोण केव्हा पेटवील याचा नेम नाही! शेतकऱ्यास आधी सांगावे, एवढे सोपे काम पुष्कळदा राहून जाते.

माझा एक जुना विद्यार्थी परजिल्ह्यात अशा कामावर होता. जागेवर खडूने खूण झाली होती. कारण एवढेच की, क्रेनला सडक जवळ पडत होती. याने मापक लावविला तो तळाकडील आकडा चार मिलिमीटरच्या आसपास. याने ज्योत पेटविण्याचे नाकारले. ठेकेदाराने नको ते शब्द ऐकविले व दोन दिवस कामावर घेतले नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या अधिकाऱ्याने मोजणी पाहिली आणि खूण बारा फूट पुढे सरकली. त्या दोन दिवसांची मजुरी त्यास अद्याप मिळालेली नाही. घरी वडील त्याच्यावर रागावले होते, हेही सांगितले पाहिजे, कारण ते या सभेत बसले आहेत.

एक कटू गोष्ट राहते. इंधन चोरणाऱ्या टोळ्यांनाही वेल्डर लागतो, आणि ते मुलांस चार दिवसांच्या मजुरीइतके पैसे एका रात्रीत देऊ करतात. त्यांची जागा अंधार आणि झाडी पाहून ठरते. नळाची जाडी तेथे कोण मोजतो? 1962 च्या कायद्यातील शिक्षा 2011 साली अधिक कडक झाली आहे. परंतु त्या खड्ड्यात पहिला जळतो तो आपला मुलगा, टोळीचा म्होरक्या नव्हे.

त्या विद्यार्थ्याने अधिकाऱ्यांच्या अनुमतीने कापलेली चकती मला आणून दिली. ती येथे मेजावर ठेवली आहे. सभा संपल्यावर मुलांनी अवश्य पाहावी. मात्र कडेस जपून हात लावावा, ती अजून धारदार आहे.