दुर्बीण बाजूला ठेवताना



रात्री दोन वाजता सर्जन थिएटरबाहेर येऊन म्हणतो, "ओपन करावं लागलं." त्यावर नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे दुर्बिणीचं फसलं का, डॉक्टर?" आज मी त्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

१९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, तेव्हा तिथल्या सर्जनमंडळींनी त्यांना दाद दिली नाही. १९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते केलं. आज उलटा प्रकार झालाय. मोठा छेद घेतला की सर्जनलाच कारण सांगावं लागतं.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला पेशंट उपाशीपोटी, तपासण्या करून येतो. तातडीच्या ऑपरेशनला येणाऱ्याचं पोट फुगलेलं असतं, रक्तदाब घसरलेला असतो. दुर्बिणीला आत जागा लागते. ती करण्यासाठी आम्ही पोटात कार्बन डायऑक्साइड भरतो, साधारणपणे पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर दाबाने. आतड्याला अडथळा असेल तर फुगलेली वेटोळी पोटाच्या भिंतीला टेकलेली असतात, मग वायू भरून जागा होणार कुठून? अशा वेळी आम्ही मोठ्या आतड्याच्या तोंडापासून, म्हणजे न फुगलेल्या बाजूने, आतडं मागे मागे चाचपत अडथळ्यापर्यंत जातो. फुगलेलं आतडं चिमट्यात धरायचं नाही, ते फाटतं. आधीच्या ऑपरेशनमुळे किंवा पोटाच्या क्षयामुळे सगळी वेटोळी एकमेकांना चिकटली असतील, तर तिथे चिवटपणा दाखवण्यात शहाणपण नाही. आपल्याकडे पोटाचा क्षय अजूनही भेटतो.

त्यातच या वायूचा दाब शिरांवर पडतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. धडधाकट माणूस ते सोसतो. पोटात पू होऊन शॉकमध्ये गेलेला पेशंट सोसेलच असं नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले, "वायू काढा," की वाद घालायचा नसतो.

आता पित्ताशय जरा जवळून पाहू. सुजून टणक झालेलं पित्ताशय चिमट्यात येत नाही, निसटतं. म्हणून आधी सुई घालून आतला द्रव काढायचा, मग धरायचं. खरा धोका त्याच्या मानेपाशी असतो. पित्ताशयाची नळी आणि रोहिणी कापण्याआधी तिथली चरबी नि पडदे साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा आणि आत जाणाऱ्या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्या तरच कात्री चालवायची. सुजेने सगळं एकजीव झालं असेल, तर मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नळी समजून कापली जाऊ शकते. ते नुकसान पेशंट वर्षानुवर्षं भोगतो. पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून बाहेर पडणं हाही मार्ग आहे, आणि कित्येकदा तोच शहाणपणाचा. कारण पोट उघडलं म्हणून सूज ओसरत नाही. शिवाय, स्पष्टच बोलतो, दुर्बिणीवर तयार झालेल्या नव्या पिढीने उघड्या पोटातलं अवघड पित्ताशय फारसं पाहिलेलंच नाही. "ओपन करा" म्हणणं सोपं. ते करणारा हातही सरावलेला हवा.

रक्तस्राव झाला तर घाई करावी लागते. रक्त प्रकाश शोषून घेतं, पडदा काळोखतो. रक्त ओढायला सक्शन लावलं की त्यासोबत वायूही जातो आणि पोट खाली बसतं. दिसणं आणि जागा दोन्ही एकदम गेलं. उघड्या पोटात निदान बोट दाबून धरता येतं.

म्हणून उघडण्या-उघडण्यात फरक आहे. अर्धा तास झाला, काम पुढे सरकत नाही, रचना ओळखू येत नाही, अशा वेळी शांतपणे घेतलेला निर्णय वेगळा. आणि आतडं फाटल्यावर, रक्त उसळल्यावर नाइलाजाने घेतलेला वेगळा. दुसऱ्यात पेशंटचे हाल जास्त होतात. पहिल्याला आपण अपयश म्हणू लागलो, तर सर्जन तो लांबवतील, आणि लांबवता लांबवता दुसऱ्यावर येऊन ठेपतील. संमतिपत्रात "गरज पडल्यास पोट उघडून" हे शब्द असतात. सही घेताना ते मोठ्याने वाचून दाखवावेत, असं मी माझ्या निवासी डॉक्टरांना सांगतो.

मोठ्या छेदाची किंमत आहेच. दुखणं जास्त, जखमेत पू होण्याची भीती जास्त, पुढे हर्निया होऊ शकतो. पण आधी दुर्बीण घातली ती फुकट गेली, असंही नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीचा अल्सर फुटला की आतला द्रव उजव्या बाजूने खाली ओघळतो आणि तिथे साचून हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं. दुर्बीण नव्हती तेव्हा सर्जन उजवीकडे खाली छेद घेत, अपेंडिक्स चांगलं निघे, मग वर मध्यावर दुसरा छेद घ्यावा लागे. आता आधी आत पाहता येतं. त्यामुळे पोट उघडावं लागलं तरी छेद एकच लागतो, बेंबीच्या वर, जिथे भोक बुजवायचं आहे तिथेच.