भावनांचा वेग आणि विवेकाचा लगाम

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मेळाव्यांतून बहुधा गुण, शिष्यवृत्त्या आणि पुढील अभ्यासक्रम यांचीच चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. परंतु ज्या मनाने हा सारा अभ्यास करावयाचा, त्या मनातच वादळ उठले तर काय करावे, हा प्रश्न आपण बाजूला ठेवतो. आज मी मुद्दाम तोच विषय घेतला आहे.

राग कोणाला येत नाही? दुःख कोणाला होत नाही? परंतु काही माणसांच्या बाबतीत भावना लवकर भडकते, फार जोराने भडकते आणि शांत व्हावयास इतरांपेक्षा पुष्कळ अधिक वेळ घेते. सोललेल्या कोपराला साधे पाणी लागले तरी झोंबते, तसे या मनाचे असते. समजा, नववीत शिकणारी एक मुलगी आहे. घरी पाहुणे आलेले असताना मोठा भाऊ तिच्या गणिताच्या गुणांवरून थट्टा करतो. सगळे हसतात आणि विसरून जातात. ती मात्र दार आपटून आत जाते, जेवत नाही, वही फाडून टाकते आणि दुसऱ्या दिवशीही कोणाशी बोलत नाही. घरातले म्हणतात, "एवढ्याशा गोष्टीवरून केवढा हा तमाशा!" येथेच खरा प्रश्न सुरू होतो. गोष्ट एवढीशी असेल, पण तिला झालेली वेदना एवढीशी नसते.

अशा माणसांसाठी एक उपचारपद्धती तयार झाली आहे. तिचे नाव डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, थोडक्यात डीबीटी. मराठीत तिला द्वंद्वात्मक वर्तनोपचार म्हणता येईल. अमेरिकेतील सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक राहिलेल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांनी ती विकसित केली. आत्महत्येचे विचार ज्यांची पाठ सोडत नाहीत आणि जे स्वतःला पुन्हा पुन्हा इजा करून घेतात, अशा रुग्णांवर त्या काम करीत होत्या. त्यांचे या विषयावरील मुख्य पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले.

या बाईंची स्वतःची कहाणी ऐकण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १९४३ चा. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ होत्या. त्या काळात त्याही स्वतःला इजा करून घेत. बाहेर पडल्यावर त्यांनी शिक्षण पुरे केले, १९७१ साली डॉक्टरेट मिळविली आणि ज्या दुःखातून आपण गेलो, त्यातून इतरांना बाहेर काढण्याचे काम आयुष्यभर केले. ही गोष्ट त्यांनी २०११ साली, त्याच रुग्णालयात भाषण करताना, जगाला सांगितली. विद्यार्थी मित्रांनो, सतराव्या वर्षी ज्या मुलीचे पुढे काय होणार असे लोकांना वाटत होते, तिने पुढे हे केले, एवढे ध्यानात ठेवा.

आता 'द्वंद्वात्मक' या जड शब्दाचा अर्थ पाहू. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असा तो विचार आहे. लिनहान यांना असे आढळले की, रुग्णाला केवळ "तू बदल" असे सांगितले तर त्याला वाटते, माझे दुःख यांना कळलेच नाही. आणि केवळ "तू आहेस तसा ठीक आहेस" असे म्हटले, तर त्याचे हाल चालूच राहतात. म्हणून त्यांनी स्वीकार आणि बदल या दोन्हींना एकत्र आणले. तू आपल्या परीने होईल तेवढे करीत आहेस, हे खरे. आणि तुला याहून चांगले करावयास शिकावे लागेल, हेही खरे.

हे वादळ निर्माण कशाने होते? या पद्धतीच्या मते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे जन्मतः हळवा स्वभाव. दुसरी म्हणजे भोवतालच्या माणसांनी त्याच्या भावनांना वारंवार खोटे ठरविणे. "तुला काही लागलेले नाही, उगीच रडू नकोस", "मुलगा असून रडतोस?", "आमच्या वेळी असले चोचले नव्हते", ही वाक्ये आपल्या घराघरांत आहेत. ती बोलणारे आईबाप दुष्ट नसतात. मूल खंबीर व्हावे असेच त्यांना वाटते. परंतु पुन्हा पुन्हा ऐकून मुलाचा स्वतःच्या जाणिवेवरचा विश्वास उडतो. हळू बोललेले कोणी ऐकत नाही, आरडाओरडा केला की सारे धावतात, एवढा धडा ते शिकते.

यावर डीबीटीमध्ये चार प्रकारची कौशल्ये शिकवितात. जशी सायकल शिकावी लागते, तशीच ही शिकावी लागतात. आणि मन शांत असतानाच त्यांचा सराव करावा लागतो.

पहिले कौशल्य सजगतेचे. मनात या क्षणी काय चालले आहे, ते त्याला चांगले-वाईट न ठरविता नीट पाहावयाचे. "मी वाईट आहे" आणि "मी वाईट आहे असा विचार माझ्या मनात आला आहे" या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. भावनेच्या भरात वाहणारे मन आणि कोरडा हिशेब करणारे मन, या दोहोंचे ऐकून घेऊन निर्णय करणारे जे मन, त्याला लिनहान शहाणे मन म्हणतात. सजगतेचा हा भाग घडविताना झेन साधनेतून त्यांना मार्गदर्शन मिळाले. तरी उपचारात ते साधे मनाचे शिक्षण म्हणून शिकवितात; त्यासाठी कोणालाही आपला धर्म किंवा उपासना बदलावी लागत नाही. ही शंका काही पालकांच्या मनात येऊ शकते, म्हणून मुद्दाम सांगितले.

दुसरे कौशल्य संकटाची घडी निभावून नेण्याचे. भावनेचा पूर चढलेला असताना प्रश्न सोडवावयाचा नसतो. परिस्थिती आणखी बिघडू द्यावयाची नाही, एवढेच काम असते. प्रथम थांबावे, हात-तोंड आवरावे, एक पाऊल मागे यावे, काय घडते आहे ते पाहावे आणि मग विचाराने कृती करावी. चेहऱ्यावर गार पाण्याचा मारा, जलद चालणे, श्वास घेण्यापेक्षा सोडावयास अधिक वेळ घेणे, असे साधे उपायही शिकवितात. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात धरला की हृदयाची गती मंदावते, हा शरीराचा धर्मच आहे. मात्र हृदयविकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

तिसरे कौशल्य भावनांचे नियमन. येथे आधी भावनेचे नेमके नाव शोधावयाचे. पुष्कळदा आपण ज्याला राग म्हणतो, ती मुळात लाज किंवा भीती असते. मग वस्तुस्थिती तपासावयाची. मैत्रिणीने हाक मारूनही उत्तर दिले नाही, एवढीच घटना आहे. "ती मला टाळते" हा आपण काढलेला अर्थ आहे. भावना वस्तुस्थितीला धरून नसेल तर तिच्या उलट कृती करावयाची. पेपरच्या भीतीने पांघरूण ओढून पडावेसे वाटते, तेव्हा उठून पहिले सोपे गणित सोडवावयास बसणे, ही उलट कृती. वेळेवर जेवण, पुरेशी झोप, व्यायाम, आजारपणावर औषधपाणी आणि नशेपासून दूर राहणे यांचाही याच कौशल्यात समावेश आहे. उपाशी आणि जागरण झालेले मन चटकन पेटते.

चौथे कौशल्य माणसांशी वागण्याचे. आपले म्हणणे स्पष्ट मांडावे, पण नाते तुटू देऊ नये आणि स्वतःचा मानही घालवू नये. "अब्बा, काल पाहुण्यांसमोर माझे गुण काढले, तेव्हा मला फार लाज वाटली. पुढच्या वेळी ते आपण घरातच बोललो तर मी नीट ऐकेन," असे म्हणणाऱ्या मुलाने बेअदबी केली नाही आणि मनातले दडपूनही ठेवले नाही.

पूर्ण उपचारात दर आठवड्याला तज्ज्ञाशी स्वतंत्र भेट असते, कौशल्ये शिकविणारा वर्ग असतो आणि अडचणीच्या वेळी तज्ज्ञाला फोन करून मार्गदर्शन घेता येते. रुग्ण रोजच्या भावनांची नोंद एका पत्रकात ठेवतो. उपचार करणारेही आपसांत नियमित बसून एकमेकांना आधार देतात.

याचा उपयोग होतो का? १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नियंत्रित अभ्यासात, वर्षभर हा उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले, उपचार मध्येच सोडणाऱ्या कमी निघाल्या आणि रुग्णालयातील दिवसही घटले. उदासी आणि निराशा यांत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. २००६ सालच्या अभ्यासात, अनुभवी तज्ज्ञांच्या इतर उपचारांच्या तुलनेत, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण निम्मे होते. २०१८ साली १७३ किशोरवयीन मुलामुलींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सहा महिन्यांत या उपचाराचा लाभ स्पष्ट दिसला. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील अंतर कमी झाले होते. तेव्हा ही जादूची कांडी नव्हे. पण भावना आवरण्याचे शिक्षण देता येते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्याकडे असे प्रशिक्षित तज्ज्ञ थोडे आहेत आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून घरात काय करता येईल ते सांगतो. मुलाच्या भावनेला मान द्या. मान देणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीला होकार देणे नव्हे. "तुला फार लागले, हे मला दिसते आहे. पण वही फाडलेली मला चालणार नाही." या दोन वाक्यांत स्वीकारही आहे आणि बदलाची मागणीही आहे. क्रम मात्र हाच ठेवा. आधी ऐकणे, मग समजाविणे. रागाने लाल झालेल्या मुलाला त्याच क्षणी उपदेश करणे म्हणजे भर पावसात कपडे वाळत घालणे होय.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. मुलाच्या अंगावर स्वतः करून घेतलेल्या जखमा दिसल्या, किंवा "मला जगावयाचे नाही" असे तो बोलला, तर ते नाटक समजू नका. खानदानाची इज्जत, मुलीच्या लग्नाची काळजी, लोक काय म्हणतील, या भीतीने ते झाकून ठेवू नका. त्याला शांतपणे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीनेही थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची भावना खोटी नाही. पण ती जे जे सांगते ते सगळेच खरे असते असेही नाही. लाट चढते तशी ओसरते. ती ओसरेपर्यंत मोठा निर्णय घेऊ नका, आणि एका तरी विश्वासाच्या माणसाजवळ, मग ती आई असो, मामा असो वा वर्गशिक्षक, मन मोकळे करा. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. माझ्यासारख्या शिक्षकाचे दार अशा वेळी तुमच्यासाठी उघडे असले पाहिजे, अशी अपेक्षा आमच्याकडून तुम्ही अवश्य ठेवा.