घरकोंबड्याच्या मागे चाला



द्रोणागिरी आज सिडकोच्या वसाहतीचं नाव आहे, पण मुळात ते उरणच्या डोंगराचं. संजीवनी घेऊन जाताना मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, असं सांगतात. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण लोकल सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि हा कोपरा मुंबईच्या हाताशी आला. बाहेरगावची जोडपी इथे बिऱ्हाड करू लागली. वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या सोलापूरकडच्या माणसाला दोन-तीन हजार मिलिमीटरच्या कोकणात पहिला आषाढ काढणं म्हणजे परीक्षाच. अशा घरात बहुधा एक जण रेनकोट चढवून दाराशी उभा असतो आणि दुसरा विचारतो, ‘पाणी कुठवर आलंय? परत कधी यायचं?’ आपण त्या दुसऱ्याला घरकोंबडा म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की पावसाळ्यात हा मुलूख पाहायचा तर वाट त्या घरकोंबड्यानेच ठरवावी. त्याचा प्रश्न भित्र्याचा वाटतो खरा, पण बोकडवीरा, फुंडे, पाणजे, भेंडखळ या गावांतले आगरी-कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रश्न विचारत आले आहेत.

कारण ही जमीन समुद्राकडून उसनी घेतलेली आहे. सेक्टर आणि रुंद रस्ते झाले त्याआधी इथे मिठागरं होती, खाजण होतं आणि बांध घालून राखलेली खारी भातशेती होती. त्या बांधात उघाडी असते. उघाडी म्हणजे पाण्याच्या जोरावर उघडमीट करणारं दार. भरती आली की बाहेरचं खारं पाणी ते घट्ट मिटवून टाकतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तेच दार ढकलून खाडीत जातं. ना मोटार, ना पहारेकरी. पाऊस कितीही पडो, निचरा व्हायचा तो ओहोटीलाच. म्हणून मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीनेही भर घातली होती. भराव टाकून डांबर ओतलं म्हणून हा हिशेब बदललेला नाही. उन्हाळ्यात द्रोणागिरीतून फिरलात तर हे काही दिसणार नाही. पावसात पाणी कुठे थबकतं आणि कुठे पळतं हे पाहिलं, की काँक्रीटखालचा जुना नकाशा डोळ्यांपुढे येतो.

यावर कोणी म्हणेल, कंटेनरच्या रांगा आणि उड्डाणपूल पाहायला भिजायचं कशाला? पावसाळी सहल म्हणजे धबधबा! मला या धबधब्याच्या हट्टाचं कोडंच पडतं. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाण्याचा लोंढा वरून येतो; खाली उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला वर किती कोसळतोय हे कळत नाही. तिथे घरकोंबड्याचा प्रश्न वेळेवर विचारणारा कोणीतरी हवा असतो. शिवाय इथे पाहायला काही नाही, हे खरं नाही. द्रोणागिरीचा किल्ला १७३९ साली मानाजी आंग्र्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. आज पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प आहे. निसरड्या वाटेने माथा गाठण्याची गरज नाही, हिरवा झालेला डोंगर खालूनही पुरेसा दिसतो. गायबगळ्यांच्या डोक्या-मानेवर या दिवसांत केशरी रंग चढलेला असतो. बाजारात शेवळं येऊन जातात, मग टाकळा, भारंगी, करटुली येतात. झाडावर सुगरणीचं घरटं लोंबताना दिसलं तर थांबावं. ते विणतो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते आणि तिला पटलं तरच पुढचं काम होतं. बाहेर पडायला उत्सुक असलेल्या जोडीदाराने हे जरा लक्षात ठेवावं.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. ज्याला मुळात बाहेर पडायचंच नाही, त्याला चिखलात ओढायचं कशाला? कांदाभजी आणि खिडकी काय वाईट? ओढू नयेच. गुडघाभर साचलेल्या पाण्यात उतरू नये हेही खरं. लेप्टोस्पायरोसिस तिथूनच होतो. पण खिडकीतून फक्त पाऊस दिसतो, त्याचं पुढे काय होतं ते दिसत नाही. ते पाहायला तासभराची उघडीप आणि बांधाच्या किंवा रस्त्याच्या कडेची कोरडी जागा पुरते. आणि यात थरार कुठे, असं उत्साही जोडीदार विचारील, तर इथल्या मासेमाराकडे पाहावं. समुद्र ज्याच्या अंगवळणी पडलेला आहे, तोही जून-जुलैत होडी काढत नाही. मासेमारीवर तेव्हा सरकारी बंदी असते आणि पूर्वापार रिवाजही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचा आहे. त्याला कोणी घरकोंबडा म्हणत नाही.

राहता राहिला प्रश्न परत कधी यायचं याचा. त्याचं उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर मोबाइलच्या आधीपासून आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास, आणि त्या सुमाराचं उधाण सगळ्यांत मोठं. तेव्हा येत्या रविवारी भिंतीवरचं कालनिर्णय दोघांनी मिळून बघा, पाऊणपट करा आणि भरतीच्या दोन तास आधी घरी परत या.